कुऱ्हाडीच्या नोंदी: जुनं पातं, नवा दांडा

४ जानेवारी

आज थोडक्यात निभावलं. ओंडका फोडायला कुऱ्हाड डोक्यावर नेली आणि हात एकदम हलका झाला. हातात नुसता दांडा. पातं मागे उडून भिंतीवर आदळलं, पोपडा घेऊन खाली पडलं. मागे कुणी नव्हतं. असतं तर, हे संध्याकाळपर्यंत डोक्यातून गेलं नाही.

याला अपघात म्हणायची सोय नाही. पातं महिनाभर डुगडुगत होतं आणि मला ते ठाऊक होतं. माझा उपाय ठरलेला: रात्रभर पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवायची. सकाळी लाकूड फुगलेलं, पातं गच्च. दोन दिवसांत पुन्हा सैल, पुन्हा बादली. आता कळतंय काय होत होतं ते. लाकूड फुगतं, पण भोवती लोखंड असल्यामुळे त्याला बाहेर जायला जागा नसते. मग आतले तंतू एकमेकांवर दाबले जाऊन चेंगरतात. वाळल्यावर ते आधीपेक्षाही बारीक होतात. म्हणजे प्रत्येक बादलीगणिक मी ती आणखी सैल करत होतो.

ठरवलं. नवा दांडा, आणि पात्याचीही पूर्ण दुरुस्ती. नोंदी ठेवायच्या, म्हणजे पुढच्या वेळी याच चुका नको.

५ जानेवारी

पातं सोडवलं. दांड्याचा अडकलेला तुकडा पात्याखाली करवतीने सपाट कापला, ड्रिलने आतलं लाकूड पोखरलं आणि उरलेलं ठोकून काढलं. लाकूड जाळून नेढं, म्हणजे पात्यातलं दांडा बसायचं भोक, मोकळं करायचा सल्ला बरेच जण देतात. सोपं आहे, पण पात्यालाही ताप लागतो आणि धारेचं पाणी, म्हणजे तिचा कडकपणा, उतरतं. ते परत द्यायला भट्टी लागेल.

नेढ्यातून निघालेला ऐवज: तीन खिळे, पत्र्याची एक घडी, सायकलच्या ट्यूबची पट्टी आणि चेंगरून काळं पडलेलं लाकूड. त्यातले दोन खिळे आणि पट्टी माझी.

मापं घेतली. पातं १.२ किलो. नेढं लंबगोल, ५५ बाय २० मिमी, खोली ६० मिमी. वर आणि खाली रुंद, मधे किंचित अरुंद, डमरूसारखं. यातच सगळी युक्ती आहे. दांडा खालून घालायचा आणि वरच्या रुंद तोंडात पाचरीने फुलवायचा, म्हणजे मधली कंबर त्याला दोन्हीकडून धरते. काही कुऱ्हाडींचं नेढं एकाच बाजूला निमुळतं असतं. तिथे दांडा कुदळीसारखा वरून ओवतात आणि प्रत्येक हिसक्याला तो जास्तच घट्ट होतो. माझी पहिल्या जातीची.

६ जानेवारी

गंज. पातं पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवलं. उद्या बघू.

७ जानेवारी

चोवीस तासांनी काढलं. गंजाचा काळा चिखल झाला होता, तारेच्या ब्रशने सहज निघाला. लगेच खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढून, कोरडं करून तेलाचा हात फिरवला. हे लगेचच करायचं. आम्लातून काढलेलं उघडं लोखंड बघता बघता पुन्हा तांबूस होतं.

एक गोष्ट अनपेक्षित दिसली. धारेपासून साधारण तीन सेंटीमीटरवर, धारेच्या गोलाईला समांतर, एक अंधुक रेषा. खालचा भाग एका छटेचा, वरचा दुसऱ्या. खालच्या भागाला पाणी दिलंय, वरचा मऊ ठेवलाय. सगळं पातं कडक केलं तर ते काचेसारखं फुटेल, सगळं मऊ ठेवलं तर धार टिकणार नाही. इतकी वर्षं ही रेषा गंजाखाली होती. आता वर्षानुवर्षं धार लावत गेलं तरी कुठवर पोलाद शिल्लक आहे, ते डोळ्यांना दिसतं.

८ जानेवारी

धारेची पाहणी. तीन दुखणी.

एक, मधोमध ३ मिमीचा खळगा. कधीतरी दगडावर बसलेली. दोन, धार सगळीकडे गोल झालेली. दिव्याखाली धरून सरळ वरून पाहिलं तर कडेवर पांढरी चकाकी दिसते. खरी धार चकाकत नाही, तिथे प्रकाश परतवायला पृष्ठभागच नसतो. तीन, वरच्या कोपऱ्यात निळा डाग.

या निळ्याचं पाप माझं. मागे घाईत विजेच्या ग्राइंडरवर धरली होती. तापत जाणारं पोलाद आधी फिकट पिवळं, मग तपकिरी, मग जांभळं आणि साधारण ३०० अंश सेल्सिअसला निळं होतं. निळं होईपर्यंत त्या जागेचा कडकपणा गेलेला असतो. पातळ कड तापायला दोन-तीन सेकंद पुरतात आणि फिरत्या चाकावर ते कळतही नाही. आज खात्री करून घेतली. मधल्या भागावर कानस करकरत, जोर लावून चावते, निळ्या कोपऱ्यावर लोण्यात गेल्यासारखी जाते.

१० ते १२ जानेवारी

तीन संध्याकाळी नुसती कानस.

पातं वाइसमध्ये, दोन फळ्यांच्या मधे. कानस फक्त पुढे जाताना कापते. मागे आणताना उचलायची, नाहीतर तिचेच दात बोथट होतात. खडू चोळून घेतला की दातांत कीस अडकत नाही, तरी दर काही फेऱ्यांनी ब्रश मारावाच लागतो. मी धारेकडून आत, म्हणजे धार माझ्याकडे आणि कानस तिच्या अंगावर जाणारी, असं घासतो. कड स्वच्छ निघते, पण हात निसटला तर बोटं थेट धारेवर. म्हणून जाड हातमोजे, आणि कानशीला मुठीच्या पुढे चामड्याची चकती ओवलेली.

कोनाचं गणित कागदाने सोडवलं. कागदाच्या काटकोनी कोपऱ्याची तीन सारख्या भागांत घडी घातली की ३० अंश मिळतात. ती घडी पुठ्ठ्यावर ठेवून खाच कापली आणि धारेवर बसवून बघत गेलो. दोन्ही बाजूंनी १५-१५. नुसती फोडायचीच कुऱ्हाड असती तर थोडा जाड कोन ठेवला असता. ही माझी सगळ्या कामांची आहे.

धारेच्या दोन्ही अंगांना, म्हणजे गालांवर, काळ्या मार्करने रेघा ओढून ठेवतो. जिथली शाई गेली, तिथे कानस लागली. अंदाज नको.

३ मिमीचा खळगा पूर्ण काढायचा म्हणजे सगळी धार ३ मिमी मागे न्यायची. दोन मिमीवर थांबलो. उरलेला बारीक दात पुढच्या धारांबरोबर जाईल. निळ्या कोपऱ्यात मात्र दयामाया नाही. हाताला कडकपणा सारखा लागेपर्यंत मागे जात राहिलो, जवळजवळ ४ मिमी गेले. गोलाई थोडी बदलली. दिसतं ते, पण चालेल.

१३ जानेवारी

दगड. आधी खरखरीत, मग बारीक, गोल गोल फिरवत, पाणी घालून. गाल सपाट न ठेवता शेवटचे काही मिमी किंचित फुगीर ठेवले. सपाट, पातळ धार लाकडात रुतून बसते. फुगीर धार ढलपी बाजूला सारते आणि टिकतेही जास्त. एका बाजूला घासताना पलीकडे पोलादाची केसासारखी कड वळते. बोट आडवं फिरवलं की खरखर लागते. ती लागली की बाजू बदलायची, आणि दर खेपेला कमी घासायचं. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर मागे ओढली.

कागद कापते. हातावरचे केस काढून दाखवायचा शौक मी केला नाही. दाढीला वस्तरा आहे.

डाव्या अंगठ्याला चिकटपट्टी. दगड बोटांच्या टोकांनी धरायचा आणि टोकं दगडाच्या कडेबाहेर येऊ द्यायची नाहीत, हे अंगठ्याने शिकवलं.

१५ जानेवारी

दांड्यासाठी लाकूड. हिकरी आणि अ‍ॅश ही जगभरची नावाजलेली, आपल्याकडे धामण आणि बाभूळ. गुण एकच हवा: लांब, सरळ, चिवट तंतू. कडक पण ठिसूळ लाकूड इथे निरुपयोगी.

घरात वाळलेली फळी होती. तिच्यावर आकार काढून करवतीने कापला, रंध्याने अर्धा उतरवला. कडेवर दिसणाऱ्या तंतूंच्या रेषा सरळ टोकापर्यंत जायला हव्यात. माझ्या मधेच कडेबाहेर निसटत होत्या. म्हटलं, चालेल. बुडाकडे धरून गुडघ्यावर दाब दिला आणि नेमका तिथेच, तिरका, चरचरत फाटला. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. हा स्वतःलाच काळ ठरला. बरं झालं, इथेच फाटला.

१६ जानेवारी

सुतारकाकांना तुकडे दाखवले. त्यांनी चष्मा न लावताच सांगितलं, "फळीतून कापलास ना? करवतीला काय पडलंय रेषेचं. फोडून काढ."

त्यांच्याकडे चार भागांत फोडून ठेवलेला, चांगला वाळलेला ओंडका होता. वाळवण्याचा ढोबळ हिशेब, इंचभर जाडीला वर्षभर, तो पूर्ण झालेला. ओलं लाकूड बसवलं असतं तर महिन्याभरात आकसून पुन्हा ४ जानेवारी.

काकांनीच पाचरीने फोडून दिलं. लाकूड आपल्याच रेषेने उलगडतं, त्यामुळे एका टोकाला धरलेली रेषा दुसऱ्या टोकाला सापडते. टोकाकडून पाहिलं तर वलयांच्या रेषा धारेच्या दिशेनेच जाताहेत. आडव्या असत्या तर वाराचा हिसका थराथरांतून गेला असता.

१८ ते २१ जानेवारी

दांडा उतरवला. आधी वाकस, मग रंधा, मग काचेची धार. फुटक्या काचेचा सरळ तुकडा लाकूड खरवडायला रंध्यापेक्षा बरा पडतो, कागदासारखे पापुद्रे निघतात. काचपेपर शेवटी थोडाच.

लांबी ७० सेंमी. आडवा छेद लंबगोल. हे दिसायला नाही, हाताला कळायला. गोल दांडा घामाने मुठीत फिरतो आणि धार कुठे आहे ते डोळ्यांनी बघावं लागतं. लंबगोल असला की डोळे मिटूनही कळतं. मधे मुद्दाम बारीक ठेवला, जाड दांडा प्रत्येक वार मनगटात पोचवतो. बुडाशी फुगवटा, म्हणजे हात निसटत नाही.

२२ जानेवारी

हा दिवस सगळ्यांत मोठा, आणि हाच कुणी दाखवत नाही.

दांड्याचं तोंड नेढ्यात बसवायचं. आधी नेढ्याची खालची धारदार कड गोल कानशीने मारून घेतली, नाहीतर ती आत जाणाऱ्या दांड्याचे तंतू कापत जाते. मग नेढ्याच्या आत काजळी तेलात कालवून फासली. दांडा घातला, दोन टोले मारले, काढला. जिथे काळं लागलं, तिथेच लाकूड टेकतंय. पहिल्यांदा फक्त दोन ठिपके. म्हणजे ही कुऱ्हाड दोन ठिपक्यांवर उभी राहिली असती. ठिपके खरवडले, पुन्हा घातला. आता चार. पुन्हा. दोन तासांत एकवीस खेपा. दर खेपेला काळं थोडं पसरतं, दांडा दोन-तीन मिमी आणखी आत जातो. नववी-दहावी खेप कंटाळ्याची असते, तिथे हात जोरात चालायला लागतो. मी एका ठिकाणी जास्त खरवडलं, आता तिथे काळं लागतच नाही. फट राहिली. नखाएवढी, पण राहिली.

काका येऊन उभे राहिले. मी म्हटलं, "पाचर जाड घेतो, भरून निघेल."

"पाचर खोड झाकायला नसते रे. बसलेलं पक्कं करायला असते."

दुपारी सोडून दिलं. संध्याकाळी दांड्याचा खांदा, म्हणजे नेढ्याखाली तो रुंद होतो ती जागा, एक सेंटीमीटर खाली उतरवला आणि तेवढा आणखी वर घेऊन नव्याने बसवला. फट गेली. दांडा सेंटीमीटरने तोकडा झाला.

पातं एकदा बसवून, दांड्याच्या अंगावरून एक डोळा मिटून पाहिलं: धार दांड्याच्या मधोमध. किंचित उजवीकडे होती, खांद्याची एक बाजू खरवडून आणली.

२३ जानेवारी

पातं चढवलं. इथे उलटं डोकं चालवावं लागतं. कुऱ्हाड उलटी, हवेत धरायची, पातं खाली, आणि दांड्याच्या बुडावर लाकडी हातोडा मारायचा. पातं खाली पडायला हवं, पण ते वर चढतं. दांडा टोल्याने खाली जातो, जड पातं जडत्वाने जागीच राहतं. कुऱ्हाड जमिनीवर टेकवून पात्यावर ठोकण्यापेक्षा हे कितीतरी नेमकं.

कान लावून ऐकायचं. सुरुवातीला आवाज पोकळ, "थब". मग भरीव होत जातो आणि शेवटी एकदम "टण". त्यानंतर पातं हलत नाही. थांबायचं.

दांड्याच्या तोंडाला पाचरीसाठी चीर आधीच कापून ठेवली होती, नेढ्याच्या खोलीच्या दोन-तृतीयांश, म्हणजे ४० मिमी. पाचर वाळक्या लाकडाची, वर ८ मिमी जाड. पहिली तिरकी गेली आणि अर्ध्यात मोडली. खोदून काढली, दुसरी तासली. सरळ, हळू, एका लयीत. दोन्ही कडांनी लाकूड फुलून नेढ्याला टेकलेलं दिसलं. वर ५ मिमी दांडा बाहेर ठेवून उरलेलं कापलं. तेवढा बाहेर असला की तो नेढ्याच्या कडेवर किंचित पसरतो आणि टोपीसारखा अडतो. लोखंडी पाचर आडवी मारली नाही. ती लाकूड चिरते, पुढे कधी सैल झालीच तर हातचा उपाय म्हणून राखून.

बाजूची गोष्ट: १९९१ मध्ये आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या, पाच हजार वर्षांपूर्वीच्या माणसाजवळ तांब्याची कुऱ्हाड होती, दांड्यासकट. दांडा य्यू झाडाचा, ६० सेंमीच्या आसपास. नेढं नव्हतंच. दांड्याच्या टोकाला खाच करून पातं त्यात बसवलेलं, बर्चच्या डांबराने चिकटवून वर चामड्याची पट्टी आवळलेली. पातं सुटू नये ही चिंता त्यालाही होती.

२४ जानेवारी

जवसाचं तेल. पातळ हात, वीस मिनिटांनी जादाचं पुसून. वरच्या कापलेल्या टोकाला तीन हात, तिथून लाकूड सर्वांत जास्त पितं. व्हार्निश नाही, ते हाताला चिकटतं आणि फोड आणतं.

चिंधी मोकळ्यावर सपाट पसरून वाळत घातली. जवसाचं तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेऊन तापतं, आणि चुरगळून कोपऱ्यात टाकलेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. वाळली की पाण्याच्या डब्यात.

तेलाचा जुना हिशेब: आठवडाभर रोज, महिनाभर आठवड्याला, वर्षभर महिन्याला, मग दरवर्षी.

१ फेब्रुवारी

पहिलं काम. ठोकळा गुडघ्याएवढा उंच. वरचं लाकूड ठोकळ्याच्या मधे नाही, पलीकडच्या कडेला ठेवलं, म्हणजे नेम चुकला तर कुऱ्हाड ठोकळ्यात रुतते, माझ्या नडगीत नाही. पाय खांद्याएवढे फाकवून. वार करण्याआधी हात लांब करून चारही बाजूंनी फिरवली, वर फांदी किंवा दोरी नाही ना हे पाहिलं. मराठीत आपण पायावर धोंडा मारून घेतो, हिंदीत कुऱ्हाड. हिंदीवाले जास्त नेमकं बोलतात.

लाकडाला आधीच पडलेली भेग शोधायची आणि तिच्याच रेषेत मारायचं. गाठीवर नाही. मोठा ओंडका मधोमध फुटत नसेल तर कडेकडून फळ्या पाडत आत जायचं. आणि जोर? वजन दुप्पट केलं तर ऊर्जा दुप्पट, वेग दुप्पट केला तर चौपट. म्हणून दात-ओठ खाऊन दाबायचं नसतं. वर नेताना एक हात पात्याजवळ, खाली येताना तो दांड्यावरून घसरत बुडाकडे, आणि शेवटी गुडघे वाकवायचे, म्हणजे धार लाकडाशी आडवी पोचते. पहिली दहा लाकडं माझ्या हट्टाने फुटली, पुढची तीस कुऱ्हाडीने.

आडव्या ओंडक्याची खांडं करताना सरळ नव्वद अंशात मारलेला वार उसळतो. ४५ अंशांत एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. खाच ओंडक्याच्या जाडीएवढी रुंद घेतली की ढलपे तळहाताएवढे निघतात. फांद्या छाटताना बुंध्याकडून शेंड्याकडे, आणि मधे ओंडका ठेवून, पलीकडच्या बाजूच्या फांद्यांवर.

छोट्या कुऱ्हाडीला लोक खेळणं समजतात. तिचा वार नेम चुकला की नडगीपाशीच संपतो. गुडघ्यावर बसून वापरायची, म्हणजे आधी जमीन लागते.

कुऱ्हाडीच्या माथ्याने, म्हणजे धारेच्या उलट बाजूने, लोखंडी पाचर ठोकायचा मोह झाला, पण हातोडा आणला. नेढ्याच्या भिंती पातळ असतात, ठोकाठोकीत त्या फाकतात. आणि कडक पोलादावर कडक पोलाद आपटलं की उडालेली कपची डोळा शोधते. चष्मा लावलेला होताच.

२ फेब्रुवारी

खांदे दुखतात. पातं हललं नाही.

२० फेब्रुवारी

म्यान शिवलं, चामड्याचं. पण कायमचं त्यातच ठेवायचं नाही. चामडं ओल धरतं आणि आत गंज चढतो. नेताना-आणताना म्यान, एरवी तेल लावून, भिंतीवर टांगून, चुलीपासून लांब.

१४ मार्च

हवा कोरडी झाली. बोटाने टिचकी मारली, आवाजात किंचित "थब" आला. नजरेला फट नाही. बादलीकडे बघितलंही नाही. उलटी धरून बुडावर चार टोले, "टण". मग पाचरीवर दोन, दीड मिमी आत गेली. टोकाला तेल दोनदा.

खळग्याचा उरलेला दात आता फक्त दिव्याखाली दिसतो. पुढचं तेल १४ एप्रिलला.